दोनशे बारा पायऱ्या, अठरा सेकंद

३ नोव्हेंबर, सोमवार

कॅमेरा आला! काडेपेटीपेक्षा मोठा, साबणाच्या वडीपेक्षा लहान. याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात. ज्यांच्या आयुष्यात ॲक्शन असते त्यांच्यासाठी बनवलेला. डबा उघडताना बायको शेजारी उभी होती. ॲक्शन कोण करणार, असं तिने विचारलं. उत्तर आता व्हिडिओच देतील.

डब्यावर चित्र आहे. एक माणूस बर्फाच्या कड्यावरून उडी मारतोय, कपाळाला कॅमेरा. चेहरेपट्टी साधारण माझ्यासारखी. केस सोडून.

संकल्प: रोज एक तरी शॉट. आणि हा कॅमेरा माळ्यावर जाणार नाही. माळ्यावर माझी गिटार आहे, दोरीउड्यांची दोरी आहे, केक सजवायचा संच आहे, दुर्बिणीचा फक्त स्टँड आहे. ही यादी बायको येता-जाता म्हणून दाखवते, पाढे म्हणावेत तशी. या वेळी तिला यादीत भर घालता येणार नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वॉटरप्रूफ आहे. दहा मीटर खोल पाण्यातसुद्धा चालतो. आमच्याकडे दहा मीटर खोल पाणी नाही. बादली आहे.

बादलीत वीस मिनिटं शूटिंग केलं. वरून आंघोळीचा मग तरंगत जातो तो शॉट तर थेट जहाजाचा वाटतो. बायको दाराबाहेरून विचारत होती की आज आंघोळी होणार आहेत की नाहीत. लेकीला दाखवलं. ती अकरावीत आहे, तिला या गोष्टींतलं कळतं. चार सेकंद बघून मस्त म्हणाली आणि माझा चार्जर मागून घेऊन गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

याची लेन्स रुंद. सगळं मावतं! आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं असतं. व्हिडिओत तेच स्वयंपाकघर लग्नाच्या हॉलएवढं दिसलं. फ्रिज पार पलीकडच्या गावात.

काय चाललंय बघायला बायको जवळ आली. व्हिडिओत तिचं नाक आधी आलं, बाकीची बायको नंतर. तिने तो व्हिडिओ माझ्यादेखत डिलीट केला. जवळचं फार मोठं आणि लांबचं फार बारीक, असा याचा स्वभाव दिसतो. झूम कुठे आहे ते सापडेना म्हणून दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, साहेब, याला झूम नसतो, तुमचे पाय हाच झूम, जवळ जायचं.

आवडलं मला हे. यापुढे प्रत्येक गोष्टीच्या जवळ जायचं. बायको सोडून.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोठी बातमी. मला काम मिळालं. खरं काम!

सासरी गेलो होतो. सासरेबुवा गावातल्या मनोऱ्याच्या घड्याळाला चावी देतात. दर शुक्रवारी दोनशे बारा पायऱ्या चढून, तेहतीस वर्षं. आता नगरपालिका तिथे विजेची मोटर बसवणार. येत्या शुक्रवारी शेवटची चावी, शनिवारी किल्ली परत, आणि जिन्याचं दार कायमचं बंद.

सासूबाई मटार सोलत होत्या. सोलता सोलताच हसून म्हणाल्या, एकदा वर जाऊन बघायचं राहिलंच हो, हा माणूस दर शुक्रवारी तीन तास असतो तरी कुठे. आधी मुली लहान होत्या, मग गुडघे गेले. मग त्या सालं टाकायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सालं काही तेवढी नव्हती.

तेवढ्यात माझ्या साडूने आपल्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे हात नेला. (बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुधीभोपळ्याएवढी लेन्स. पाहुण्यांकडे जेवायला जातानाही बरोबर आणतो.) मी उडीच मारली. म्हटलं, शूटिंग मी करणार. जिना अरुंद, तुमची लेन्स पहिल्याच वळणावर अडकेल. माझा कॅमेरा कपाळावर बसतो, दोन्ही हात मोकळे. साडू म्हणाला, हात मोकळे कशाला हवेत? मी म्हटलं, ॲक्शनसाठी.

सासरेबुवा मितभाषी. एवढंच म्हणाले, बघा जावईबापू, वर वारा असतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. गिटार आणली त्या दिवशी हीच होती.

सासूबाईंनी चहा दिला. बिनसाखरेचा. त्यांच्या घरात कुणालाच साखर मिळत नाही. माझ्या पोटाकडे बघून मला दुधाचाही अर्धाच चमचा.

९ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. आमच्या बिल्डिंगला बहात्तर पायऱ्या. तीन वेळा चढलं की दोनशे सोळा, म्हणजे मनोऱ्याहून चार जास्तच. कपाळाला पट्टा बांधून निघालो.

छत्तीस झाल्या. कॅमेऱ्याचं वजनही धरलं पाहिजे. दीडशे ग्रॅम आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी डोक्याला काय लागलं म्हणून विचारलं आणि आत बोलावून पाणी दिलं. त्यांच्याकडे अर्धा तास बसलो. छान माणसं आहेत.

पण व्हिडिओ! या कॅमेऱ्याला झटके शोषून घेता येतात. प्रत्यक्षात मी कठड्याला धरून चढत होतो, व्हिडिओत मात्र वाऱ्याच्या झुळकीसारखा तरंगत वर चाललोय. एक हिसका नाही. माझी खरी चाल अशी आहे, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. लेक म्हणाली की चित्र तरंगतंय पण आवाजात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. आवाज ही या कॅमेऱ्याची कमजोरी दिसते.

संकल्प: शुक्रवारपर्यंत रोज दोनशे बारा.

१० नोव्हेंबर, सोमवार

पोटऱ्या आखडल्या. आज शून्य. स्नायूंना विश्रांती दिली की ते वाढतात, असं वाचलं आहे. म्हणजे आज वाढतायत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिफ्टने गेलो. ऑफिसला उशीर होत होता.

कॅमेरा ऑफिसात नेला. आमचा आवक-जावक विभाग, म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. माझा शिक्के मारण्याचा वेग लोकांना माहीतच नाही. कपाळावर कॅमेरा लावून सलग तेवीस मिनिटं शिक्के मारले. मग कॅमेरा इतका तापला की आपोआप बंद पडला. कपाळावर चौकोनी लाल ठसा.

नेमके तेव्हाच साहेब आले. हे काय आहे, असं विचारलं. मी म्हटलं, कामाची नोंद. ते म्हणाले, नोंद चांगलीच आहे, पण सगळे आवकचे शिक्के जावकच्या कागदांवर पडलेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हिशेब असा: बॅटरी चालते चाळीस मिनिटं. सासरेबुवांचं काम तीन तासांचं. दुकानदाराकडे जादा बॅटरी पुढच्या आठवड्यात येणार. साडूचा फोन, हवं तर मी येतो हो बॅकअप म्हणून. हवं तर! त्याच्या आवाजात दुधीभोपळा वाजत होता.

दुपारी ३.१०. सापडलं! मेनूच्या आतल्या मेनूत एक मोड आहे. त्यात बॅटरी सहज तीन-चार तास टिकते आणि कॅमेरा तापतही नाही. आणि त्या मोडचं चित्र कसलं असावं? घड्याळाचं! घड्याळाच्या शूटिंगसाठी घड्याळाचा मोड. अंगावर काटा आला. कंपनीने एवढी चांगली सोय इतकी आत का लपवली, कळत नाही. ऑफिसच्या टेबलावर तासभर चालू ठेवून बघितला. बॅटरी जेमतेम एक काडी उतरली.

रेकॉर्ड झालेलं बघायचं होतं, पण कॅमेऱ्याचा पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि केबल लेकीकडे. बघायची गरजही नाही. लाल दिवा लुकलुकत होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बॅग भरली. कॅमेरा, कपाळाचा पट्टा, कठड्याला लावायचा चिमटा, पाणी, सँडविच, आणखी सँडविच. स्वेटर घेतला नाही, कपाळाच्या पट्ट्याबरोबर तो शोभत नाही.

सासूबाईंचा दोनदा फोन. पहिला, की खिडकीतून काय दिसतं तेही घ्या. दुसरा, की तिथे ह्यांना बसायला काही आहे का, तेवढं नक्की बघा. तेहतीस वर्षं विचारीन म्हणते आणि राहून जातं. मी सांगितलं, आई, काळजी सोडा, तुम्हाला स्वतः वर गेल्यासारखं वाटेल. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, सर्दी झालीय.

आता हे काम चुकून चालणार नाही. चुकणारही नाही म्हणा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ६.५०. उठलो. आरशात पट्टा लावून बघितला. डब्यावरचा माणूस.

८.५५. मनोऱ्याच्या दाराशी. सासरेबुवा आधीच हजर. हातात तेलाची बुधली, चिंध्या, अंगात त्यांचा नेहमीचा तपकिरी कोट. बटण दाबलं. बीप. सुरू!

दुपारी २.००, घरी. काय सांगू! भव्य!

पायऱ्या सहज चढलो. सासरेबुवांचं वय झालंय, बिचारे दर वळणावर थांबून मागे बघत होते. मीही त्यांच्यासाठी थांबलो. काही ठिकाणी बसलो सुद्धा, त्यांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून.

वरची खोली म्हणजे आश्चर्य आहे. चारी बाजूंना घड्याळाच्या दुधी काचा, त्यांवरचे आकडे आतून उलटे. मधोमध माझ्या छातीएवढी पितळी चाकं. तारेला लोंबणारी गॅस सिलिंडरसारखी वजनं. सासरेबुवांनी लोखंडी हँडल बसवलं आणि फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज आणि वजन बोटभर वर. मी कॅमेरा कठड्याला चिमट्याने लावला. यंत्र, खिडकी, खिडकीजवळचं बाक, भिंतीला टेकलेला मी, सगळं एका फ्रेममध्ये. ही खरी या लेन्सची ताकद.

मग मी डोळे मिटून फ्रेमचा विचार केला. यात बराच वेळ गेला. अकराचे टोले तेवढे ऐकू आले नाहीत. घंटा बरोबर डोक्यावर होती, पण वाऱ्याची दिशा उलटी असावी.

वारा मात्र बोचरा! आणि सासरेबुवा नुसत्या शर्टावर! कोट काढून ठेवलेला, या वयात. मला थंडी अजिबात वाजली नाही. माझ्या अंगात मुळातच उष्णता आहे. चष्माही नीट घडी करून खिशात होता. शिस्त अंगात मुरली की अशी.

बाराच्या सुमारास खाली उतरलो. उतरताना सासरेबुवांना माझ्या दंडाचा आधार दिला. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला होता.

त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि दारावर पंजा ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग मी बॅटरी अजून वीस टक्के शिल्लक आहे असं सांगितलं. ते म्हणाले, वा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सासरेबुवांनी किल्ली नगरपालिकेत जमा केली. पावती घेऊन घरी आले, असं बायको म्हणाली. आता त्या खोलीचा एकमेव पुरावा माझ्याकडे आहे.

उद्या चार वाजता सासरी मोठ्या टीव्हीवर शो. साडूलाही मुद्दाम बोलावलं. बायकोने विचारलं, आधी एकदा बघून घेतलंत का? मी म्हटलं, सगळ्यांबरोबरच बघणार, मलाही त्यात मजा हवी. ती म्हणाली, निदान सुरू तरी होतं ना? मी फक्त हसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

रात्री नीट लिहीन म्हटलं होतं, पण आत्ताच लिहून टाकतो.

चारला सगळे जमले. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. चष्मा तीनदा पुसला. टीव्हीच्या अगदी समोर खुर्ची ओढली. साडूने पॉपकॉर्न आणले होते. मी दोन शब्द बोललो. (सहा मिनिटं.) मग लेकीने लावलं.

सुरू झालं आणि संपलं.

अठरा सेकंद. आधी माझे बूट भराभर पायऱ्या चढले, मग खोलीत सासरेबुवा माशीसारखे इकडून तिकडे उडाले, काचांवरचा उजेड सरकला, बूट खाली उतरले. खलास. आवाज नाही. लेकीने डोक्याला हात लावला. म्हणाली, बाबा, हा टाइमलॅप्स आहे, यात वीस सेकंदांनी एकच फोटो निघतो. म्हणून तर बॅटरी टिकली!

सासूबाईंनी विचारलं, झालं?

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी अर्धवट सोडल्या आहेत, पण त्या माझ्या होत्या. ही त्यांची होती. मग त्या सासरेबुवांकडे वळून म्हणाल्या, अठरा सेकंदांचं काम होय! आणि मी मेली तेहतीस वर्षं समजत होते की तीन तास लागतात. साडूच्या घशात पॉपकॉर्न अडकला. बायकोने त्याच्या पाठीत गुद्दे घातले, गरजेपेक्षा दोन जास्त.

लेक हुशार आहे. (माझ्यावर गेली आहे.) तिने एकेक फोटो सुटा करून दाखवायला घेतला. पाचशे चाळीस.

पहिले पंचाहत्तर माझ्या बुटांचे. त्यांतल्या तीसेक फोटोंत बूट एकाच पायरीवर आहेत आणि वरच्या वळणावर सासरेबुवा हातात बुधली घेऊन उभे. मग खोली. सासरेबुवा हँडल फिरवतायत. मी भिंतीला टेकून फ्रेमचा विचार करतोय. पुढच्या फोटोत आडवा होऊन विचार करतोय. त्यापुढच्यात तोंड उघडं.

त्यानंतर प्रत्येक फोटोत मी तसाच. पोट कधी वर, कधी खाली. लेकीने फोटो भराभर सरकवले तर पोट असं धडधडलं की साडू खाली सतरंजीवर लोळला. बायकोही. माझी बायको, सतरंजीवर!

एका फोटोत सासरेबुवा वाकून माझा चष्मा काढतायत. पुढच्यात तो घडी करून माझ्या खिशात ठेवतायत. पुढच्यात माझ्या अंगावर तपकिरी कोट आहे आणि ते नुसत्या शर्टावर. मी म्हटलं, हा फोटो जरा पुढे घे. कुणी घेऊ दिला नाही.

मग भलतंच झालं. सव्वादहाला सासरेबुवांचं सगळं काम संपलेलं दिसलं. पुसून झालं, तेल घालून झालं. आणि ते बाकावर बसून खिडकीबाहेर बघतायत. पुढच्या फोटोत बघतायत. अकराच्या सुमाराच्या फोटोत त्यांनी बॅगेतून दुर्बीण काढली! मग शंभराच्या वर फोटो, सगळ्यांत दुर्बीण डोळ्याला, तोंड एकाच दिशेला.

हसू थांबलं. सासूबाईंनी विचारलं, कोण राहतं हो तिकडे?

सासरेबुवा चहाच्या कपात बघत बसले. लेकीने खिडकीचा भाग मोठा केला. माझ्या रुंद लेन्सने सगळं गाव आत घेतलं होतं, पण प्रत्येक घर तांदळाच्या दाण्याएवढं, आणि मोठं करायला गेलं की नुसते चौकोन. साडू हळूच म्हणाला, माझ्या लेन्समध्ये शर्टाची बटणंही मोजता आली असती. पण आता जिन्याला कुलूप, किल्ली नगरपालिकेत. सासूबाई साडीचा पदर बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना वरची खोली दाखवायला निघालो आणि तेहतीस वर्षांचा संसार मोडून ठेवला. तोही अठरा सेकंदांत.

शेवटी सासरेबुवा म्हणाले, गच्ची आहे.

कुणाची, असं सासूबाईंनी विचारलं.

आपली.

एवढं बोलून थांबतील असं वाटलं, पण आज ते बोलले. शुक्रवारी मुली शाळेत, मी वर. घरात कुणी नाही. अकराचे टोले पडले की ही गच्चीवर येते. खुर्ची टाकते. पाय कठड्यावर. आणि पदराखालून कंडेन्स्ड मिल्कचा डबा काढते. चमच्याने अख्खा खाते. मग बोट फिरवते. मग झाकण चाटते. परवा शुक्रवारीही खाल्ला.

सासूबाई बिटासारख्या लाल झाल्या. दोन्ही मुली आईकडे बघतच राहिल्या. ज्या घरात वाढदिवसालासुद्धा साखर मोजून पडायची, त्या घरातली आई! सासूबाई आधी म्हणाल्या, काहीतरीच. मग म्हणाल्या, रोज नाही हं, फक्त शुक्रवारी. मग जरा वेळाने म्हणाल्या, आणि तुम्ही सगळं बघत होता, तरी तेहतीस वर्षं मुकाट्याने बिनसाखरेचा चहा प्यालात?

सासरेबुवा म्हणाले, तुला वाटायचं ना, कुणी बघत नाही. खुशीत असायचीस. बोललो असतो तर खाल्ला नसतास.

सासूबाई हसायला लागल्या ते थांबेचनात. हसता हसता डोळे पुसत होत्या. मग रिमोट लेकीच्या हातून काढून घेतला आणि पाचशे चाळीस फोटो पहिल्यापासून एकेक करून बघितले. बाक दिसल्यावर म्हणाल्या, आहे हो बसायला. कोटाच्या फोटोवर थांबून माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, मला तशी थंडी वाजत नव्हती. त्या म्हणाल्या, नसेलच वाजत, कोट होता की अंगावर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साडूने माझ्या पोटाची अडीच सेकंदांची क्लिप घराच्या ग्रुपवर टाकली. एक्केचाळीस जण आहेत. सगळ्यांनी बघितली. कुणीतरी माझं नाव लंबक ठेवलं.

तांत्रिक बाजू कुणी लक्षात घेत नाही. टाइमलॅप्स नसता तर चाळीस मिनिटांत बॅटरी संपली असती आणि दुर्बीण दिसलीच नसती. मी हा मोड विचार करून निवडला होता, असं जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, आडवं होऊन?

१९ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या अंगात मुळातच उष्णता वगैरे काही नाही. आज पंख्याखाली दहा मिनिटं बसून बघितलं. हुडहुडी भरली.

दंडाचा आधार कुणी कुणाला दिला, याचाही पुन्हा विचार करायला हवा. आज नको.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्धी रजा टाकली. सासरी गेलो. आता उघडपणे डबा खायचा ठरलाय आणि दोघांनी मिळून. याचं शूटिंग झालंच पाहिजे. साधा व्हिडिओ मोड, तीनदा तपासला. बॅटरी पूर्ण. आणि झूमसाठी पाय. अगदी जवळून घ्यायचं, चमच्यापासून एक वीत.

गच्चीवर दोन खुर्च्या, दोघांचे पाय कठड्यावर. समोर मनोरा. आता घड्याळ मोटरवर चालतं. सासरेबुवा म्हणाले, अर्धा मिनिट मागे आहे. त्यांचा तपकिरी कोट धुवायला टाकला होता. वारा होता आणि ते पुन्हा नुसत्या शर्टावर. मी माझा कोट काढून त्यांच्या खांद्यांवर घातला. नको म्हणाले, पण मी ऐकलं नाही. मला खरंच थंडी वाजत होती, तरी घातला.

सासूबाईंनी डबा फोडला. म्हणाल्या, जावईबापू, तुम्हालाही चमचा घ्या ना, खालून आणा, स्वयंपाकघरात पहिल्या खणात आहेत. पहिल्या खणात नव्हते. दुसऱ्यात नव्हते. तिसऱ्यात दोऱ्याची रिळं. चौथ्यात जुनी कॅलेंडरं. शेवटी भाताचा डाव घेऊन वर पोचलो, तर डबा रिकामा आणि दोघं अगदी साळसूदपणे मनोऱ्याकडे बघतायत.

शूटिंगही राहिलं. कॅमेरा कुठे ठेवला तेच आठवेना. तो कोटाच्या खिशात होता. चालू. भट्टीसारखा तापलेला. सासरेबुवा म्हणाले, तरीच म्हटलं, कोट भारी उबदार आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कालचा व्हिडिओ लेकीबरोबर बघितला. अकरा मिनिटं. संपूर्ण काळा. खिशात उजेड नसतो आणि अंधारात या कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

पण आवाज आहे. कापडाची सळसळ. वारा. अकरा टोले. मग चमचे डब्याच्या बुडाला घासल्याचा आवाज, भराभर. सासूबाई म्हणतायत, उरका हो लवकर, ते चमचा घेऊन येतील. सासरेबुवा म्हणतायत, येत नाहीत एवढ्यात, चमचे मी तांदळाच्या डब्यात लपवलेत. आणि मग दोघं हसतायत. शाळा बुडवून आल्यासारखं, श्वास संपेपर्यंत हसतायत. त्या घरात सासरेबुवांचं असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, पुन्हा लाव. तिनेही ऐकलं नव्हतं.

लेक म्हणाली, बाबा, हा तुझा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला व्हिडिओ.

संकल्प: पुढच्या शुक्रवारी चमचा घरूनच नेणे.